पित्त उठलं आणि आवडाकाकू उठेना

एक होता राजा. त्याला दोनच हुकूम फार आवडायचे. एक 'उठा' आणि दुसरा 'बसा'. दरबारात आला की म्हणायचा, "उठा!" सगळे उठायचे. मग म्हणायचा, "बसा!" सगळे बसायचे. म्हाताऱ्या प्रधानाचे गुडघे कुरकुरायचे, पण बोलणार कोण? लोक त्याला उठबस राजा म्हणायचे. मागून बरं का, तोंडावर नाही.

तर एकदा काय झालं, हा राजा समुद्राकाठच्या गावातून चालला होता. वाटेत रातांब्याचं झाड, लालभडक फळांनी लगडलेलं. त्यातला एक पिकलेला रातांबा सुटला आणि फच्चकन राजाच्या पांढऱ्या अंगरख्यावर फुटला. डाग धुतला, घासला, उन्हात टाकला. जाईना. मग राजा म्हणाला, "माझ्या राज्यात एकही रातांबा उभा राहता कामा नये!"

मग काय, कुऱ्हाडी चालल्या. घराघरातली आमसुलंसुद्धा समुद्रात फेकली. आमसूल म्हणजे रातांब्याची वाळवलेली साल, आमटीत घालतो ना आपण, तीच.

शेवटी एकच झाड उरलं, आवडाकाकूच्या अंगणात. ते कुणी मुद्दाम लावलेलं नव्हतं. काकूच्या लेकीनं लहानपणी रातांबा चोखून बी फुर्रकन थुंकली होती, तीच उगवून आली. लेक आता नव्हती.

कुठे गेली? गेली, बाळा. झाड होतं. पुढे ऐक.

मग शिपाई आला. काकू बुंध्याला टेकून बसली होती, सुपात साली वाळत घालत.

"काकू, ऊठ. राजाचा हुकूम आहे."

"नाही उठत."

शिपाई गेला, सरदार आला. घोड्यावरून ओरडला, "ए बाई, ऊठ!"

"नाही उठत. आणि घोड्याला आवर, साली तुडवेल माझ्या."

सरदार डोकं खाजवत परतला. हुकूम झाड तोडायचा होता, बाई तोडायचा नव्हता. त्यानं दरबारात जाऊन विचारलं, "महाराज, ती उठतच नाही. काय करू?"

राजा लालबुंद झाला. "तिला उचला आणि..." एवढंच म्हणाला, आणि कराकरा मान खाजवायला लागला. मग पाठ. मग पोट. सकाळी ताटभर कोलंबी चापली होती ना त्यानं! अंगभर लाल लाल चट्टे आले.

वैद्य धावत आले. म्हणाले, "महाराज, पित्त उठलंय."

"मला न विचारता उठलं?" राजा गरजला. "बस! खाली बस म्हणतो ना!"

पित्त कसलं बसतंय! आणखी उठलं. म्हणजे बघा, सगळ्या राज्यात दोघंच राजाचं ऐकत नव्हती. एक उठत नव्हती आणि एक बसत नव्हतं.

वैद्य खाली बघत म्हणाले, "औषध साधं आहे, महाराज. आमसुलं पाण्यात कुस्करून अंगाला लावायची, वर घोंगडी गुंडाळायची. पण आमसुलं..."

"पण काय?"

"आपणच बुडवलीत."

मग राजानं आवडाकाकूकडे माणूस पाठवला. आमसुलं दे म्हणाला. काकू म्हणाली, "देते की. दुखणाऱ्याला नाही कोण म्हणेल? पण ज्याला तोडायचंय, त्यानं आधी झाडाखाली यावं."

मग राजानं पालखी पाठवली. भोई म्हणाले, "काकू, बसा. महाराजांनी बोलावलंय."

"नाही बसत."

मग राजा स्वतः आला. मुकुट एका हातात, दुसऱ्या हातानं खाजवतोय. पाठीला हात पुरेना, तेव्हा आला तसा बुंध्याला पाठ लावून घसाघसा घासायला लागला. ज्या झाडावर कुऱ्हाड घालायची होती, त्याच झाडाला! शिपाई हसू दाबत समुद्राकडे बघत राहिले.

काकू म्हणाली, "महाराज, बसा."

आणि राजा बसला. जन्मात पहिल्यांदा दुसऱ्याच्या सांगण्यावरून बसला. काकूनं आमसुलाचं पाणी त्याच्या पाठीला लावलं, हलक्या हातानं, लेकीला लावायची तसं. वर घोंगडी गुंडाळली. घोंगडी टोचते म्हणून राजा कुरकुरला. "गप बसा," काकू म्हणाली. हळूहळू पित्त बसलं.

"माग, काय हवं ते माग," राजा म्हणाला.

"मला काय हवं ते द्यायला तुम्हाला नाही जमायचं, महाराज." काकू म्हणाली. मग तिनं एक रातांबा फोडून राजाच्या हातात ठेवला. "हा चोखा. आणि बी थुंका."

"मी? थुंकू?"

"लांब थुंका. जेवढी झाडं तोडलीत, तेवढ्या वेळा."

मग राजा काकूच्या झाडाचे रातांबे गावोगाव चोखत, फुर्र फुर्र बिया थुंकत फिरला. मागून सगळी पोरं. ज्याची बी लांब, तो जिंकला. राजा बहुतेक वेळा हरला. पावसाळ्यात जिकडेतिकडे रातांबे उगवले. दरबारातली उठबस थांबली, प्रधानाचे गुडघे सुखावले, आणि सगळे आमसुलाची आमटी भुरकत आनंदानं राहिले.

आणि आवडाकाकू? राजा गेल्यावर ती उठली, घागर भरून आणली आणि झाडाला पाणी घातलं. कुणी सांगितलं म्हणून नाही. झाडाला तहान लागली होती म्हणून.

चला, आता डोळे मिटा. मी सांगते म्हणून नाही हं. झोप आली म्हणून.