मापाची चाकं

“पण महाराज, चाकांचं माप चुकलंय कुठं, तेवढं सांगा की!”

रणधीर देसाईने पुन्हा तेच विचारलं. केशवगिरी महाराज मठाच्या फाटकाबाहेर पारावर बसून भुईमुगाच्या शेंगा सोलत होते. त्यांनी मान वर केली नाही.

पलीकडे फणसाच्या सावलीत लाल गाडी उभी होती. जुनी, बुटकी, दोनच माणसांची स्पोर्ट्स कार. तिच्यात रणधीरचे वडील, दौलतराव, काळा चष्मा लावून बसले होते. काचबिंदूने त्यांची नजर पार गेली होती.

तरुणपणी याच गाडीने त्यांनी घाटातल्या शर्यती मारल्या. शेजारी मांडीवर नकाशा घेऊन बसायचे ते हेच केशवगिरी. तेव्हा ते महाराज नव्हते, एवढंच.

नजर गेल्यावर गाडी रणधीर चालवू लागला. दर रविवारी आजऱ्याहून निघायचं, आंबोलीचा घाट उतरायचा, खाली मठात चहा घ्यायचा आणि माघारी फिरायचं. म्हाताऱ्याचं आठवड्यातलं बाहेर पडणं तेवढंच.

रणधीरने गाडीला नवी चाकं बसवली आणि दौलतराव त्यालाही नको म्हणू लागले.

“आज कसे आले मग?” महाराजांनी विचारलं.

“तुमचं नाव काढलं म्हणून. तुम्ही एकदा त्यांना सांगा, माप बरोबर आहे. तुमचं ऐकतील.”

“सांग बघू माप.”

रणधीर खुलला. आकडे सांगायला मिळाले की हा माणूस जेवणसुद्धा विसरायचा.

“आधी तेरा इंची रिम होती. टायर एकशे पंचावन्न मिलिमीटर रुंद, उंची रुंदीच्या ऐंशी टक्के. म्हणजे रिम आणि रस्ता यांच्यामध्ये नुसता रबराचा फुगा! मी सोळाची रिम घातली. टायर एकशे पंचाण्णव रुंद, उंची पंचेचाळीस टक्केच. रिम वाढली तेवढी रबराची उंची कमी केली. बाहेरून चाक होतं तेवढंच राहिलं. वेगाचा काटा अजून खरं बोलतो. स्टिअरिंग पुरतं वळवलं तरी मडगार्डला घासत नाही. आणि वळणावर गाडी तसूभर कलत नाही, महाराज. रस्त्याला चिकटून जाते.”

“छान.”

“मग?”

“मग काही नाही. हिशोब चोख आहे.”

महाराजांचं हे असंच. समोरचा भांडायच्या तयारीने यावा आणि यांनी कबूल होऊन बसावं.

“मग आबा नको का म्हणतात?” रणधीरने गाडीकडे पाहून आवाज खाली आणला. “गाडीत बसले की गप्प. आधी घाटभर बडबड असायची. हे देऊळ आलं, आता पूल येईल… आज चिऱ्याच्या खाणीपाशी मला काय विचारलं, ठाऊक आहे? ‘कुठं आलो रे?’ आबांनी विचारलं! ज्यांना हा घाट…”

त्याने गाडीकडे पाठ फिरवली.

“मला भीती वाटते, महाराज. डोळे गेले ते गेले. आता आठवणही चालली बहुतेक.”

महाराजांचे हात थांबले. त्यांनी शेंगांचं सूप बाजूला सारलं.

“आत ये.”

रणधीर बूट काढायला वाकला. साहेब असो की सरपंच, या मठात सगळ्यांनी फाटकापाशी अनवाणी व्हायचं, हा इथला जुना नेम.

“असू देत बूट.”

“पण मठात…”

“असू देत म्हटलं ना. मापाचे आहेत ना?”

“अगदी मापाचे.” रणधीरने पाय जरा पुढे केला. जाड तळव्याचे, महागातले बूट होते. “काटा असो, खडा असो, पायाला काही म्हणजे काही लागत नाही.”

“डोळे मीट. चल.”

महाराजांनी त्याचं कोपर धरलं. अंगणात नेलं. इकडून वळवलं, तिकडून वळवलं, आणि सोडून दिलं.

“कुठं आलास?”

“अंगणात.”

“अंगणात कुठं?”

रणधीरने पाय पुढे टाकला. मग मागे घेतला. परत पुढे टाकला.

“कळत नाही, महाराज…”

“बरं. उघड डोळे. आणि आता गप्प उभा राहा.”

महाराजांनी फाटकाकडे तोंड करून हाक मारली. “दौलू! चहाला ये आत!”

दौलतराव गाडीतून उतरले. हाताने फाटकाचा खांब शोधला, चपला काढल्या, आणि आत आले. रणधीर धरायला धावणार होता. महाराजांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

म्हातारा सावकाश चालत होता. चालता चालता बोलत होता.

“सारवण कालचं दिसतंय. गार लागतंय अजून… ही आली फरशी. म्हणजे तुळस डाव्या हाताला… इथून ओसरी…” मग तो थांबला आणि खदखदून हसला. “ही पायरी अजून हलतेच आहे? लेका, संन्यास घेतलास म्हणून दगडसुद्धा बसवायचा नाही का?”

रणधीर हे ऐकत होता. त्याला धस्स झालं आणि हायसंही वाटलं, दोन्ही एकदमच. आबांचं डोकं शाबूत होतं. त्यांना सगळं आठवत होतं.

त्याने आपल्या बुटांकडे पाहिलं. मग फणसाखालच्या गाडीकडे पाहिलं. तिची चाकं उन्हात झकझकत होती.



रणधीर खाली बसला, बुटांच्या नाड्या सोडल्या आणि अनवाणी जाऊन वडिलांचा हात हातात घेतला.

“आबा, मला सांगायचं नाही का?”

“काय सांगायचं?” दौलतराव म्हणाले. “किती खपलास तू त्या चाकांपायी. लोक वळून वळून बघतात म्हणे. ते सांगताना तुझा आवाज असा खुलायचा… म्हटलं, असू दे.”

“तरी पण…”

“आधी गाडीच सांगायची रे मला. पुलाचे सांधे लागायचे. देवळापाशी बारीक खडी लागायची. वळणावर जरा कलली की कळायचं, दरी कुठल्या अंगाला ते. आता सगळा रस्ता सारखाच कडक लागतो.” त्यांनी लेकाचा हात थोपटला. “घाट दिसतच नाही, बाळा.”

रणधीरच्या डोळ्यांत पाणी आलं. त्याने ते पुसलंही नाही. महाराज चहाचं आधण ठेवायला आत निघून गेले.

चहा झाला. दौलतरावांनी दोन कप घेतले आणि पायरीवरून पुन्हा एकदा शिव्या घातल्या. मग ते गाडीकडे निघाले.

रणधीर महाराजांच्या पाया पडला.

“तेराच्या रिमा घरीच आहेत. त्या मापाचे टायरही मिळतात अजून. उद्याच बसवून घेतो.” मग जरासा ओशाळून म्हणाला, “दिसायला मात्र फारच बारीक वाटतात हो, महाराज.”

महाराज हसले.

“आणखी काही करायचं?”

महाराजांनी गाडीकडे पाहिलं. दौलतराव दार चाचपत आत बसत होते.

“पुढच्या रविवारी आणशील त्याला?”

“आणतो.”

“मग परत नेताना एक कर.”

“काय?”

“घर आलं की तू सांगू नकोस. त्यालाच सांगू दे.”