नऊ पावलं

"म्हणजे बिल्ड काही बोललं नाही, तर सगळं बरोबर. असंच ना, बाई?"

केळशीकरबाई पडवीत बसून कडवे वाल सोलत होत्या. मोड आलेला वाल बोटांत धरायचा, दाबायचा, दाणा सुटला की परातीत. बाईंना त्यासाठी डोळे लागत नसत. काचबिंदूने त्यांची नजर तीन वर्षांपूर्वीच नेली होती.

त्या काही बोलल्या नाहीत.

सुयोग बारटक्केने तो होकार धरला. त्याची ती जुनी सवय. मौन म्हणजे संमती, हे त्याने लग्नाच्या बोलणीपासून ऑफिसच्या मीटिंगपर्यंत सगळीकडे लावून पाहिलेलं, आणि बहुतेक वेळा निभावलेलं. हुशार माणूस, त्यात वादच नाही. बाईंनी कॉलेजात आणि नंतर सुयोग काम करतो त्या पुण्याच्या कारखान्यात मिळून शेकड्याने पोरं शिकवली, त्यात हा पहिल्या पाचांत. पण हुशार माणसाला घाई फार.

"मग मी पुण्याला कळवतो," तो म्हणाला. "साठ बोर्ड बांधून तयार आहेत. बाई हो म्हणाल्या की पाठवायचे, असं मालकांनी सांगितलंय."

"थांब. पहिल्यापासून सांग. मला काही येत नाही असं समज."

सुयोग हसला. मग बाई हसत नाहीत हे पाहून नीट बसला.

"बाळांच्या वॉर्मरचे बोर्ड आहेत. दिवस भरायच्या आधी जन्मलेलं बाळ उबेला ठेवतात, त्या यंत्राचे."

"यंत्राला वीज मिळाली की आधी कोण उठतं?"

"बूटलोडर. बाकीच्या यंत्राला जागं करणारा छोटा प्रोग्रॅम."

"त्याला काय दिसतं?"

"काहीच नाही, बाई. तो आंधळाच…"

सुयोगने जीभ चावली. बाईंच्या ओठांचा कोपरा जरासा हलला. "पुढे."

"हीटर कुठल्या तारेवर, तापमान मोजणारा सेन्सर कुठल्या तारेवर, ते आपण एका फाइलीत लिहितो. ती कंपाइल करून, म्हणजे यंत्राच्या भाषेत उतरवून, त्याच्या पोटात घालतो. त्या वर्णनावर तो चालतो. दुसरा आधार नाही त्याला."

"मग बदललं काय?"

"नव्या बोर्डात सेन्सरची तार हलवली. जुन्या तारेवर आता दुसराच भाग आहे. प्रत्येक बोर्डाची फाइल आमच्या एका सामाईक फाइलीतून मजकूर उचलते, त्या सामाईक फाइलीत मी तो बदल लिहिला. मग बिल्ड चालवलं, म्हणजे या फाइली कंपाइल करून घेणारा प्रोग्रॅम. एकसुद्धा चूक आली नाही."

"वेळ किती लागला?"

इथे गडी खुलला. "दोन सेकंद. तुमच्या वेळी चार मिनिटं लागायची, आठवतं? बदल असो नसो, प्रत्येक फाइल पुन्हा कंपाइल. मी ते सगळं नव्याने लिहून काढलं. आता जिच्यात बदल झाला तेवढीच फाइल कंपाइल होते, बाकीच्यांना हात नाही."

"आणि या बोर्डाची झाली?"

"झालीच असणार. चूक कुठे आली?"

…

पुन्हा तेच. वाल, बोटं, परात.

आता खरी गोष्ट सांगायला हवी. नुसत्या एका 'हो'साठी पुण्याहून कोकणात उतरणारा हा माणूस नव्हे. फोनवर काम झालं असतं. चोराच्या मनात चांदणं, तशी त्याची गत होती, आणि ते चांदणं आज सकाळपासूनचं होतं.

सकाळी येता येता तो तालुक्याच्या गावात एका प्रसूतिगृहात थांबला होता. तिथल्या वॉर्मरचा जुना बोर्ड काढून नवा बसवला. चाचणी म्हणून, एकच. वीज लावली, आकडा आला साडेछत्तीस. सिस्टर म्हणाली, "छान." सुयोगने सेन्सर मुठीत धरला. साडेछत्तीस. मूठ सोडली. साडेछत्तीस. खिडकीतून वारा येत होता, तरी साडेछत्तीस.

"किती स्थिर आहे हो," सिस्टर म्हणाली.

"हो," सुयोग म्हणाला.

"गरज पडली तरच बाळ ठेवू. सातव्या महिन्यातलं एक आहे आत."

गाडीत बसल्यावरही तो आकडा त्याच्या डोक्यातून जाईना. घाट उतरताना त्याने स्वतःची समजूत घातली, सेन्सर जरा सुस्त असेल. पण मुठीतली ऊब ज्याला कळत नाही, तो सुस्त म्हणायचा की काय म्हणायचं, हे त्याला स्वतःला विचारवेना. आणि हे सगळं त्याने बाईंना सांगितलेलं नव्हतं.

बाईंनी परात बाजूला सारली. चाचपडत कळशी उचलली.

"वाल धुवायला पाणी हवं."

"मी आणतो, बाई."

"बस तू. रोज मीच आणते. कागद बरोबर आहे ना?"

हा कागद सुयोगनेच लिहिलेला. बाईंची नजर जात चालली तेव्हा तो इथे सुट्टीला आला होता, आणि त्याने सगळं परस पावलांनी मोजून लिहून काढलं होतं. मागच्या दारातून नऊ पावलं सरळ. डाव्या हाताला विहिरीचा कठडा लागेल. त्यावर भार टाकून उजवीकडे वळा. असं पुढे न्हाणीपर्यंत, आणि न्हाणीपासून जास्वंदीपर्यंत. कागद मागच्या दाराला आतून चिकटवला होता. परसात काही हललं तर कागद दुरुस्त करायचा आणि बाईंना वाचून दाखवायचा, असा ठराव. बाईंनी तो पाठ केला होता आणि तीन वर्षं त्या त्यावर चालत होत्या.

"बरोबर आहे. आज सकाळीच दुरुस्त केला," सुयोग म्हणाला.

आणि ते खोटं नव्हतं. तो आला तेव्हा बाई देवळात गेलेल्या होत्या. मागे मिस्त्री घाम पुसत उभा होता. विहिरीचा कठडा त्याने पार उतरवला होता, चिऱ्यांचा ढीग एका बाजूला. "बाईंका सांगा हां," तो म्हणाला, "सांजपातूर नवा चढवतंय. वाळू घेऊन येतंय तवर." सुयोग म्हणाला, सांगतो. आणि कागदावर जाऊन नीट अक्षरात लिहिलं, कठडा नाही, सहाव्या पावलावर थांबा.

"शब्द कुठे चुकला नाही ना?" बाईंनी विचारलं.

"एकही नाही."

"मग झालं."

बाई मागच्या दारातून उतरल्या. सुयोग दारापर्यंत मागे गेला आणि चौकटीला टेकून उभा राहिला. त्याचं अर्धं लक्ष पुण्याला काय कळवायचं याकडे होतं.

एक. दोन. तीन. बाई मोठ्याने मोजत नसत, पण त्यांचं पाऊल इतकं सारखं पडायचं की पाहणारा आपसूक मोजायला लागायचा.

चार. पाच.

सहा. आता थांबतील, सुयोगला वाटलं.

सात.

थांबल्या नाहीत… त्याला काही उमजेना. कागदावर तर लिहिलंय. त्याने मान वळवून दाराकडे पाहिलं. लिहिलेलं होतं. स्वच्छ, त्याच्याच अक्षरात, सहाव्या पावलावर थांबा. आणि ते वाचणारं त्या घरात त्याच्याशिवाय कुणीही नव्हतं.

आठ.

हाक मारण्याइतका वेळ नव्हता. तो धावला. चपला दारातच राहिल्या.

नऊ. बाईंनी डावा हात पुढे केला, तीन वर्षं रोज जिथे कठडा असतो तिथे, आणि त्या हातावर भार टाकला.

सुयोगने त्यांना मागून कमरेत धरलं आणि दोघं मागे चिऱ्यांच्या ढिगावर पडली. कळशी सुटली. ती काठावर एकदा आपटली आणि आत गेली… बऱ्याच वेळाने पाण्याचा आवाज आला.

दोघंही तशीच बसून राहिली. सुयोगने बाईंचा हात घट्ट धरून ठेवला होता.

"कागद बरोबर होता," बाई म्हणाल्या.

"बाई… मी तुम्हाला वाचून दाखवला नाही."

"मग मी कशावर चालले?"

"जुन्यावर. डोक्यात होता त्यावर."

बाईंनी सुटलेला पदर सावरला.

सुयोगने मागच्या दाराकडे पाहिलं. "दोन सेकंद," तो स्वतःशीच म्हणाला. दोन सेकंदांत नुसतं पाहून होतं, कंपाइल होत नाही. सामाईक फाइलीत त्याने बदल लिहिला खरा, पण ती बदलली की तिच्यावर आधारलेली फाइल पुन्हा कंपाइल करायची, हे नव्या बिल्डला कुणी सांगायचं? सांगायला हवं होतं त्यानेच. बिल्डने पाहिलं, बोर्डाच्या फाइलीत काही हललेलं नाही. म्हणून त्याने काही केलंच नाही. काही केलंच नाही, तर चूक कशी येणार? जुनं वर्णन तसंच उचललं गेलं आणि नव्या बोर्डाच्या पोटात बसलं. जिथे सेन्सर नाही तिथून ते यंत्र आकडा वाचत होतं.

आणि आकडा वाढत नाही म्हणून हीटर चालूच होता.

"बाई, एक बोर्ड… मी एक बसवून आलोय. तालुक्याला. सकाळी."

बाईंनी त्याच्या हातातून आपला हात सोडवून घेतला. "फोनला रेंज पुढच्या गडग्यावर मिळते," त्या म्हणाल्या.

तो अनवाणी पळाला. गडग्याच्या रचलेल्या दगडांवर चढताना गुडघा सोलवटला, ते त्याला संध्याकाळी कळलं. पहिल्यांदा फोन लागलाच नाही. दुसऱ्यांदा नुसता वाजत राहिला. त्या वाजण्यात त्याने ज्या देवांना नमस्कार केले त्यांतल्या निम्म्यांची नावं त्याला एरवी आठवली नसती.

"हॅलो?" सिस्टर.

"मी बारटक्के. सकाळचा वॉर्मर… त्यात बाळ आहे का?"

"हो, मगाशीच ठेवलं. वीसेक मिनिटं झाली. आकडा अगदी छान आहे हो, साडेछत्तीसवर…"

"आकडा पाहू नका. बाळाला हात लावा."

…

पलीकडे पावलं वाजली. मग काहीच नाही. आयुष्यभर सोयीची वाटलेली शांतता आता सुयोगला सहन होईना. "सिस्टर," तो म्हणाला. "सिस्टर, बोला."

"अहो, हे तर तापलंय."

"बाहेर काढा. यंत्र बंद करा, वायर ओढून काढा भिंतीतून."

आवाज आले. पाळण्याची कडी, कुणाची तरी धावपळ, एका बाईचा घाबरा प्रश्न. मग बारीकसं, चिडकं रडणं. सुयोग गडग्यावरच खाली बसला.

"काढलं," सिस्टर म्हणाली. तिला धाप लागली होती. "डॉक्टर बघतायत. रडतंय, दूध मागतंय. आईच्या छातीशी देतोय. वेळेवर फोन केलात."

त्याने मग पुण्याला फोन केला आणि साठही बोर्ड थांबवायला सांगितले. का, ते मालकांनी विचारलं. माझी चूक, तो म्हणाला, आणि फोन ठेवला.

तो परत आला तेव्हा बाई पडवीत होत्या. साडीच्या पदराला चिऱ्याची लाल माती लागलेली, आणि पुढ्यात परात.

"बाळ बरं आहे," सुयोग म्हणाला, आणि मग त्याला रडू आलं. त्याने ते लपवलं नाही. बाईंपासून लपवायची गरज नव्हती, आणि बाईंना ते ऐकू येतच होतं.

बऱ्याच वेळाने त्याने नाक पुसलं.

"बाई, मिस्त्री काही आपल्या मनाने कठडा उतरवणार नाही. तुम्हीच सांगितलं असणार. म्हणजे कठडा नाही, हे तुम्हाला ठाऊक होतं. होतं ना?"

बाईंनी एक वाल उचलला. दाबला. दाणा परातीत पडला…

सवयीने तो होकार धरून सुयोग निघायला उठला. त्याचा एक पाय पायरीवर होता. तो तिथेच थांबला. पाय पुढे पडेना. मग तो मागे फिरला आणि बाईंच्या समोर येऊन खाली बसला.

"बाई, ठाऊक होतं का?"

"आज पहिल्यांदा दोनदा विचारलंस," बाई म्हणाल्या.