पलीकडचं टोक

"यातलं कोणतं घेऊ, काका?"

रोहिदासनं ओंडक्याशेजारी हत्यारं मांडली होती. लांब पोलादी पट्टी. टोक काढलेली पेन्सिल. लेसरची डबी. आणि तांबडी काव लावून रेघ उमटवायचा दोरा.

गावचे सुतार दाजी मेस्त तंबाखू मळत होते. त्यांनी वर पाहिलं नाही.

"तुला कोणतं पटतं?"

"हात चांगला असला की कोणतंही चालतं."

"मग विचारतोस कशाला..."

रोहिदास पणजीत हॉटेलांचं फर्निचर करायचा. हात खरंच चांगला होता, आणि ते त्याला ठाऊक होतं. मोठ्या लाकडाचं काम शिकायला तो दाजींकडे आला होता.

ओंडका ऐनाचा होता. तासून एक अंग सपाट केलेलं. तो मधोमध चिरून दोन तुळया काढायच्या आणि ओढ्यावर साकव टाकायचा. रेघ चुकली तर एक तुळई बारीक पडणार. एवढा दुसरा ऐन गावात उरला नव्हता.

हा भागीरथीबाईंच्या बांधावरचा. मागच्या पावसाळ्यात जुना साकव वाहून गेला, आणि त्यांच्या मुलाला पलीकडच्या दवाखान्यात नेता आलं नाही. पाणी ओसरेपर्यंत तो राहिला नाही. तेरावं झाल्यावर बाई स्वतः दाजींकडे आल्या. "झाड तोडा," एवढंच म्हणाल्या.

आता त्या ओंडक्याच्या टोकाशी बसल्या होत्या, लाकडावर हात ठेवून.

"काकी, जरा बाजूला व्हा," रोहिदास म्हणाला.

त्या थोड्या सरकल्या. उठल्या नाहीत.

लेसरची रेघ उन्हात दिसेना. ती डबी त्यानं स्वतःच पिशवीत टाकली. मग पट्टी घेतली. ओंडका पट्टीहून कितीतरी लांब. तो पट्टी सरकवत गेला, पेन्सिल ओढत गेला.

"झालं," तो म्हणाला.

"टोकाला बसून बघ."

रोहिदास उकिडवा बसला. एक डोळा मिटला. रेघेला मधे पोट आलं होतं.

त्यानं रंधा मारून रेघ काढून टाकली.

मग दोरा घेतला.

"दुसरं टोक कोण धरेल?" दाजींनी विचारलं.

"खिळा. मी एकट्यानंच करतो, काका. सवय आहे."

ओंडक्याचं टोक वाळून तडकलेलं. दोरा ताणला तसा खिळा सैल झाला. काव फिसकटली, रेघ वाकडी पडली. त्यानं पुन्हा रंधा मारला. मग दोरा दगडाला बांधला. दगड केसभर सरकला. पुन्हा रंधा.

ऊन डोक्यावर आलं. त्याचा सदरा पाठीला चिकटला होता.

"किती वेळा पुसशील?" दाजी म्हणाले.

"सरळ येईपर्यंत."

"तोवर लाकूड संपेल..."

रोहिदासचा रंधा थांबला. पण त्यानं मान वर केली नाही. दोऱ्याला पुन्हा काव लावायला घेतली.

तेव्हा भागीरथीबाई उठल्या. जमिनीवर पडलेलं दोऱ्याचं टोक उचललं, ओंडक्याच्या कडेवरच्या खुणेवर ठेवलं आणि त्यावर अंगठा दाबला.

"ओढ."

"काकी, जोर लागतो. अंगठा कापेल."

"ओढ म्हटलं ना."

त्यानं दाजींकडे पाहिलं. दाजी ओढ्याकडे बघत होते.

रोहिदासनं दोरा ओढला. आधी जपून. मग पुरता. दोरा ताठ झाला. बाईंच्या मनगटाच्या शिरा वर आल्या. त्यानं एका हातानं आपलं टोक दाबून धरलं, दुसरा हात पोचेल तिथं दोरा चिमटीत धरला, सरळ वर उचलला आणि सोडला.

टण्...

लाल धूळ उडाली आणि खाली बसली.

तो या टोकाला जाऊन बसला. मग त्या टोकाला. बराच वेळ बघत राहिला. रेघेत खोट नव्हती.

बाईंचा अंगठा अजून तिथंच होता.

"काकी," तो हळू म्हणाला, "सोडा आता."

त्यांनी हात काढला. अंगठ्यावर दोऱ्याचा वळ उमटला होता, काव भरलेला. त्यांनी तो पदरात धरला.

रोहिदासनं मोठी करवत आणली. ओंडक्याजवळ आला, आणि थांबला. करवतीच्या पात्यालाही जाडी असते. रेघेच्या डावीकडून चिरलं तर एक तुळई जाड, उजवीकडून चिरलं तर दुसरी.

"काका, कोणत्या बाजूनं चिरू?"

"त्यांना विचार."

रोहिदासनं बाईंकडे पाहिलं. मग आवाज खाली आणून म्हणाला, "त्या सुतार नाहीत, काका."

दाजींनी तंबाखू तोंडात टाकली. हात झटकले.

"त्यांनी धरलेलं टोक हललं नाही."