सशाचं गवत

फार मागे, डोंगर झोपेत गुणगुणायचे तेव्हा, एका माळावर रीत होती. ज्याचं गवत, त्याला विचारल्याशिवाय कुणी काडीही उपटायची नाही. माळाची राखण डुकरआजोबांकडे होती.

एका दुपारी धुराचा निळा पदर हळूहळू माळावर उतरला. वणवा अडवायला वाटेतलं सशाचं गवत उकरायला हवं होतं. पलीकडेच लांडोर अंड्यांवर बसली होती. ससा ओढ्यावर गेलेला. आजोबा थांबले आणि खार त्याला विचारायला पळाली.

ससा "उकरा, उकरा!" ओरडतच आला. तोवर अंडी वणव्यात जळून गेली होती.

"यापुढं धूर दिसला की विचारत बसू नका, आजोबा," ससा रडत म्हणाला.

"आणि उगाच उकरलं तर?"

"तर माळावरच्या वडाखाली सगळ्यांना जमवून जाब द्या."

लांडोर राखेतून हळूच म्हणाली, "त्या दिवशी मी तुमच्याशेजारी बसेन, आजोबा."