तपासणीच्या दिवशीचा घाम

शाळेत खिचडी शिजवणारी सारिका हात पुसत लेकीच्या पालकसभेला येऊन बसली. तिची पाळी येताच हेडमास्तर गरजले, "दुसरीतली तुमची तनुजा काही विचारलं की मुकी होते. ढ आहे! पुन्हा पहिलीत बसवतो."

सारिकाने पदर तीनदा पिळला. घरी तर तनुजा पाढे घडाघडा म्हणायची.

"गुरुजी, परवा तपासणीला साहेब आले, तेव्हा मी चहा घेऊन उभी होते. त्यांनी दरडावून शाळेचा पट विचारला. तुम्ही नुसते घाम पुसत राहिलात."

हेडमास्तर चपापले. "अहो, एवढा मोठा साहेब! कुणाचीही बोबडी वळेल."

"मग आमच्या तनूचे साहेब तुम्हीच की!"

सभा हसली. हेडमास्तरांनी खुर्ची पुढे सरकवली. "बसा बाई. घरी तिला कसं विचारता, तेवढं सांगा."