सात घरट्यांचे पाणी

त्या माळरानात पाणी नव्हते. तळे तीन टेकड्यांपलीकडे होते. पखुर्डी पक्ष्यांचे नर तिथे जाऊन पोटाची पिसे भिजवत, ओल्यानेच परतत आणि पिले ती पिसे चोखून जगत. घरटी सात होती. पूर्वी एक नर परतल्याखेरीज दुसरा निघत नसे, त्यामुळे सातव्या घरट्यातली पिले वाट पाहूनच मरत.

काळवीट राजाला हे पाहवले नाही. त्याने फर्मावले, की सातही जणांनी पहाटे एकदम निघावे आणि निघताना घरट्यांच्या वाटेवर पहारा देणाऱ्या घोरपडीला पाणी आणण्याचा शब्द द्यावा. मात्र एक जरी कोरडा परतला, तर कुणाचेच पाणी घरट्यात जाणार नाही. सगळ्यांची पिले सारखीच. न्याय सर्वांना पटला. दोन महिने एकही पिलू मेले नाही.

मग एका सकाळी ठिपक्या नावाच्या नराला ससाण्याने वाटेतच गाठले. तो जिवानिशी सुटला, पण फाटक्या, कोरड्या पोटाने सगळ्यांआधी परतला. घोरपडीने तिथल्या तिथे मोहीम बुडाल्याचे जाहीर केले. बाकीचे सहा जण तळ्यावर होते. त्यांना परत बोलावण्याची सोय कुणी केलेलीच नव्हती.

भर दुपारी भुरक्या आला. त्याची तीन पिले समोरच चोची वासून बसली होती.

“पलीकडे वाळूत पिळ,” घोरपड म्हणाली. “ठिपक्याचा शब्द सकाळीच मोडला.”

“पण मी तर पाणी आणलंय!”

“दिसतंय मला.”

“मग एवढ्या उन्हात मी उडत होतो तो कशाला?”

“तू शब्द दिला होतास ना?”

भुरक्याने ठिपक्याकडे पाहिले. ठिपक्याने मान वर केली नाही. तेवढ्यात सर्वांत धाकटे पिलू धडपडत बापाकडे निघाले, तशी घोरपडीने शेपूट आडवी टाकली. भुरक्या वाळूत गेला आणि चोचीने एकेक पीस पिळू लागला. ते पिलू शेपटीला टेकून बघत राहिले. संध्याकाळी ते तसेच टेकलेले होते, पण बघत नव्हते.

त्या उन्हाळ्यात मोहीम अकरा वेळा बुडाली. पिळायच्या जागी लुसलुशीत गवत उगवले आणि काळविटाची पाडसे तिथे चरायला येऊ लागली. चांगल्या वळणाची होती ती. भुरक्या ओले पोट घेऊन आला, की आदबीने बाजूला सरत आणि त्याचे पिळून झाले, की पुन्हा माना खाली घालत.