शेपट्यांची टोपली

एका लांबलचक बांधावर बिळांची एक वस्ती होती आणि त्या वस्तीला सापांचं भय होतं. ससे, तित्तर, सापसुरळ्या असे सगळे तिथे शेजारपाजार करून राहत. सापसुरळी दिसायला सापाच्याच जातीची, चकचकीत आणि सळसळती. पण तिला चार इवलेसे पाय असतात, विष नसतं, आणि कोणी धरलंच तर आपली शेपटी तोडून टाकून ती जीव वाचवते. वस्तीतल्या सगळ्यांना हे ठाऊक असल्यामुळे तिला कोणी भीत नसे.

राखणीला चार मुंगूस होते. राखणदाराने रोज एका घरी जेवायचं, आज सशाकडे, उद्या तित्तराकडे, अशी तिथली पद्धत होती. दारात बसून जेवता जेवता कोणाचं पोर आजारी आहे, कोणाच्या बिळाला मागून भोक पडलंय, कोण उशिरा घरी येतं, हे त्यांना न विचारता कळायचं. थोरला मुंगूस तुळाजी तर नुसत्या चाहुलीवरून माणूस ओळखावा तसं घर ओळखायचा. भिवरा नावाच्या सापसुरळीकडची वाळवी त्याला फार आवडे. दोनदा मागून घ्यायचा आणि वर मिश्या पुसत म्हणायचा, "काय भिवराबाई, आज हात आखडता घेतलात!"

मग लागोपाठ दोन वर्षं वाईट गेली. घरातच खायला नाही तिथे राखणदाराला काय वाढणार? मुंगूस उपाशी राहू लागले. एका दुपारी तुळाजीला उभ्याउभ्याच ग्लानी आली आणि तेवढ्यात सापाने तित्तरिणीची पाच पिल्लं गिळली. ती बिचारी दोन दिवस रिकाम्या घरट्याभोवती फिरत होती. तिच्याकडे पाहून कोणालाही अन्न गोड लागेना.

वस्तीचा पाटील कोंडाजी हा कासव होता. घाई त्याच्या रक्तातच नव्हती, पण या वेळी तो स्वतः चालत डोंगरापलीकडच्या हत्तीच्या दरबारात गेला. दरबार साऱ्या रानाचा. लहान वस्त्यांच्या राखणीसाठी तिथून सुकटीच्या गोण्या मिळतात असं त्याने ऐकलं होतं, आणि ते खरं निघालं. महिनाभराने परतल्यावर त्याने सभा भरवली.

"चाराचे दहा मुंगूस होणार. दर महिन्याला रेड्यांवरून सुकट येणार," तो म्हणाला. "अटी दोनच. मुंगसांनी चौकीवर राहायचं, चौकीवरच जेवायचं. आणि मारलेल्या सापांच्या शेपट्या महिन्याच्या महिन्याला टोपलीत घालून दरबारी पाठवायच्या. अख्खा साप वाटेत नासतो, म्हणून शेपटी."

अटींत वावगं काही नव्हतं. देणाऱ्याने आपलं दिलेलं कुठे गेलं हे विचारू नये, असं कोण म्हणेल? एकट्या भिवराने मान वर केली.

"पाटील, मुंगूस चौकीवरच जेवणार, मग आमच्याकडे यायचे कधी?"

"कशाला यायला हवेत? तुझी वाळवी वाचली की!" तित्तरीण म्हणाली, आणि पिल्लं गेल्यापासून ती पहिल्यांदाच हसली. सगळेच हसले. रोजचं वाढणं सुटलं, राखण मात्र दुपटीहून जास्त. सुंठीवाचून खोकला गेला असं ज्याला त्याला वाटलं. कोंडाजीने दरबारच्या पानावर पायाचा ठसा उमटवला.

आणि खोटं का बोला, राखण उत्तम झाली. डोंगरापलीकडून सहा धट्टेकट्टे मुंगूस आले. पहिल्याच हंगामात त्यांनी बांध पिंजून काढला. टोपल्या भरभरून गेल्या. तित्तरिणीची सातच्या सात पिल्लं पंख फुटून उडाली, आणि तिने कोंडाजीच्या पाठीवर डोकं टेकून त्याचे आभार मानले. कासवाला आपल्या आयुष्याचं सार्थक झाल्यासारखं वाटलं. त्यात काही चूक नव्हती.

पुढच्या वर्षी साप संपत आले. जे उरले ते वाट बदलून दुसऱ्या रानात गेले. टोपली अर्धी जाऊ लागली, मग पाव. दरबारातून निरोप आला की ज्या अर्थी शेपट्या घटल्या, त्या अर्थी राखण ढिली पडली. असंच चाललं तर गोण्या दुसऱ्या वस्तीला जातील. साप घटले म्हणून शेपट्या घटल्या, असं उलट कळवावं हे कोंडाजीच्या मनात आलं होतं. पण साप नाहीत म्हटल्यावर दहा मुंगूस कशाला, असा प्रश्न येईल आणि मुंगूस गेले की साप परत येतील, या विचाराशी येऊन तो थांबला. कासव एकदा थांबलं की थांबतंच.

त्या महिन्यात एका नव्या मुंगसाने शेपटी आणली. आखूड, गुळगुळीत, तांबूस चकाकीची. तो कधी कोणाच्या दारात जेवला नव्हता. त्याच्या लेखी गवतात सळसळलं ते साप. तुळाजीने मात्र शेपटी पाहताक्षणी ओळखली. ती भिवराच्या धाकट्या बहिणीची होती. तो बराच वेळ ती पंजात धरून उभा राहिला. बाहेर रेडे खोळंबले होते आणि टोपलीचा तळ दिसत होता. त्याने ती टोपलीत टाकली आणि वर पाला पसरला.

दरबाराने ती मोजून घेतली. महिन्याभरात तशा अकरा गेल्या, आणि अकरावी खुद्द भिवराची होती.

ती तशीच बुंध्यावरून रक्त गाळत कोंडाजीकडे गेली. तित्तरीणही तिथे बसली होती.

"पाटील, मी कोण आहे हे तुम्हाला माहीत आहे ना?"

"आहे गं बाई," कोंडाजी म्हणाला. "पण ती परत उगवते ना?"

"उगवते. पण आमच्या अंगावरची चरबी सगळी त्या शेपटीत असते. त्याच चरबीवर पोटात अंडी धरतात. या घडीला माझ्या पोटात सहा आहेत. त्यांना मी काय देऊ?"

"सुक्याबरोबर ओलंही जळतं," तित्तरीण हळूच म्हणाली आणि लगेच तिने मान फिरवली. तिची यंदाची पिल्लं बाहेर उन्हात खेळत होती.

कोंडाजी दुष्ट नव्हता. भिवराचं दुःख त्याला खरोखर झालं होतं. त्या रात्रीपासून तो जेवला नाही असं सांगतात. तीन दिवस विचार करून त्याने तोडगा काढला, आणि त्याच्या मते तो दयेचाच होता. मुंगसांनी यापुढे कोणालाही धरायचं नाही, चावायचं नाही. सापसुरळ्यांनी आपसांत पाळी लावावी आणि जिची पाळी असेल तिने आपण होऊन शेपटी द्यावी. रक्त कमी जाईल, धाक राहणार नाही, आणि ज्या घरात अंडी असतील त्या घराला एक महिना सूट. सभेने हा ठराव एकमताने मानला. सापसुरळ्याही काही बोलल्या नाहीत, त्यामुळे त्यांचंही मत त्यात धरलं गेलं. दरबारातून शाबासकी आली आणि सुकटीच्या दोन गोण्या वाढल्या.

भिवराला सूट मिळाली, पण शेपटी आधीच गेली होती. सहापैकी पाच अंडी पोकळ निघाली. सहाव्यातून काडीएवढं एक पिल्लू बाहेर आलं. तिने त्याचं नाव जिवा ठेवलं आणि त्याला बिळाबाहेर जाऊ दिलं नाही. त्या पिल्लाने साप कधी पाहिला नाही. पण भिंतीला कान लावून ते सगळं ऐकत असे: बाहेर रेड्यांच्या घंटा वाजल्या की शेजारच्या बिळात काहीतरी होतं आणि मग शेजारीण बरेच दिवस गप्प असते.

सुटीचा महिना संपला, वर आणखी दोन महिने गेले. नव्या मुंगसाऐवजी तुळाजी स्वतः टोपली घेऊन भिवराच्या दारी आला. पाळी भिवराची होती. तिची नवी शेपटी अजून गव्हाच्या दाण्याएवढीही झाली नव्हती. ते दिसल्यावर तुळाजीने टोपली पाठीमागे घेतली.

तेवढ्यात बांधावर घंटा वाजल्या. आईच्या पोटाखालून जिवा बाहेर आला. एवढ्या जवळून मुंगूस तो पहिल्यांदाच पाहत होता, पण घाबरला नाही, पळाला नाही. शहाण्या पोरासारखा उंबऱ्यापर्यंत आला, पाठ वळवली, अंग एकदा आवळलं आणि आपली इवलीशी शेपटी उंबऱ्यावर ठेवून परत आईजवळ जाऊन बसला.

उन्हात ती शेपटी कितीतरी वेळ वळवळत राहिली.